‘काऊन’ पुन्हा वाजतो

दिवाळी उलटून थंडी अंगाशी आली की जळगाव जामोदहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. कापसाने फुगलेल्या गाड्या फांद्यांना घासत जातात आणि प्रत्येक काटा आपल्या वाट्याचा थोडा कापूस ठेवून घेतो. एसटीच्या खिडकीतून मान काढली तर वाटतं, ह्या झाडांना आता कुणीतरी वेचायला यावं. शेतात तूर पिवळी झालेली असते, हरभरा नुकताच जमीन झाकायला लागलेला असतो, मागे सातपुडा धुरकट निळा. बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीत कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत असतं, आणि त्या वासाने सगळी बस एका घरची होते.

ह्या दिवसांत लोकांना काय काय आठवत असेल. मला ड्रम ऐकू येतो. बावीस वर्षं तो मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. यंदा केला नाही. सेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, आठवी-नववीला मराठी शिकवणाऱ्या बाईने ड्रमच्या शेजारी उभं राहून मोठ्या आवाजात गाऊ नये, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं.

आमच्या बँडचं नाव होतं ‘काऊन’. आमच्याकडे ‘का’ला काऊन म्हणतात. आम्ही तिघं नांदुऱ्याच्या कॉलेजात एम.ए.ला एका वर्गात होतो. रफीकचे वडील गाद्या-रजया भरायचे, त्यांचं दुकान बाजारात होतं. दिनकर संग्रामपूरकडचा, भाड्याच्या खोलीत राहायचा, आणि पुण्याला नोकरीला असलेल्या मावसभावाने टाकून दिलेली एक गिटार त्याच्याकडे होती. माझे वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये. मला गाता यायचं आणि घरी ते चालायचं, कारण घरच्यांना वाटायचं मी भजन म्हणते. रफीकचा ड्रम म्हणजे लग्नाच्या बँड पार्टीने मोडीत काढलेले दोन ढोल आणि एक झांज, ती त्याने तारेने सायकलच्या स्टँडला बांधलेली. कशासाठी वाजवता, काय मिळतं, मुलगी काऊन घेतली, असं जो तो विचारायचा. दिनकर म्हणाला, हेच नाव ठेवू.

रफीकच्या वडिलांची रुई एका जिनिंगमधून, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, यायची. तिथल्या रखवालदाराच्या ओळखीने रविवारी, मशीन बंद असताना, आम्हाला रुईच्या शेडमध्ये बसायला मिळायचं. चारी बाजूंना छतापर्यंत रुईचे ढीग. तिथे आवाज घुमत नसे. तोंडातून निघालेला सूर समोरच्या ढिगात जायचा आणि परत यायचा नाही. गाणं जसं आहे तसं, उघडं, कोरडं ऐकू यायचं, चूक झाली तर ती झाकायला भिंत नव्हती. नाकात तंतू जायचे, मी दोन कडव्यांच्या मध्ये शिंकायचे. दुपारी रखवालदार तुरीच्या शेंगा भाजून आणायचा. काळी झालेली बोटं पुसून दिनकर पुन्हा तारांवर ठेवायचा आणि तारा काळ्या व्हायच्या. हेडफोन लावून मोठमोठी गाणी मी नंतर ऐकली, पण त्या शेडमध्ये ऐकला तसा आवाज मला पुन्हा कुठे भेटला नाही.

एका हंगामात आम्ही पाच गाणी केली, सगळी आमच्या बोलीत. त्यातलं एक रफीकने आणि मी मिळून लिहिलं:

मले नको सांगू कसं चालू मी
माह्या पायाले ठाव हाय माही वाट

‘पायाले’तल्या ‘ले’वर रफीकची काडी पडायची. सगळं गाणं त्या एका ठोक्यावर उभं होतं.

ते गाणं घेऊन आम्ही पुण्याला एका कॉलेजांच्या स्पर्धेला गेलो. पहिल्या फेरीत मी ‘मले’ म्हटलं आणि सभागृह हसलं. चेष्टा करावी म्हणून कुणी हसलं नसेल, आज मी एवढं मान्य करते. त्यांनी ही बोली फक्त विनोदी नाटकात ऐकली होती, नोकराच्या किंवा येड्याच्या तोंडी. त्यामुळे ती ऐकली की हसायचं हे त्यांना ठाऊक होतं. गाण्यात काय म्हटलंय ते पोचायच्या आधीच हसू पोचलं. तरी आम्ही अंतिम फेरीत गेलो. एक परीक्षक भले गृहस्थ होते, त्यांनी मला आणि दिनकरला जिन्यात थांबवलं. चाल उत्तम आहे, आवाज उत्तम आहे, फक्त उद्या भाषा तेवढी नीट करा, असं सांगितलं. रफीक तेव्हा खाली चहा आणायला गेला होता.

दिनकर म्हणाला, करू. मी म्हणाले, करू. दुसऱ्या दिवशी मी मंचावर उभी राहून गायले, “मला नको सांगू कसं चालू मी.” कसं चालायचं ते मला सांगू नका, असं म्हणणारं गाणं, आणि ते मी कुणीतरी सांगितलं तसं गात होते. ‘माझ्या पायांना’ आलं तेव्हा ‘ना’वर काडी पडली नाही. रफीकने तो ठोका रिकामा सोडला. प्रत्येक वेळी. बाकी सगळं त्याने नीट वाजवलं. यावेळी कुणी हसलं नाही, आणि आम्हाला काही मिळालंही नाही. परतीच्या गाडीत रफीक दुसऱ्या डब्यात बसला. नांदुऱ्याला उतरल्यावर त्याने ढोल रिक्षात ठेवले आणि मागे वळून न पाहता गेला.

पुढचं सगळं साधं आहे. दिनकर नोकरीला पुण्याला गेला. माझं लग्न झालं, मी जळगाव जामोदला आले, नवरा पोस्टात, मी शाळेत. तिथे मी बावीस वर्षांत किती ‘मले’ खोडून ‘मला’ केले असतील. लाल पेनाने, वर नीट लिहून. प्रमाण भाषेवर माझा राग नाही, मी ती आजही शिकवते, हा लेखही तिच्यातच लिहिते आहे. तिने माझं पोट भरलं. पण नांदुरा माझ्या गावापासून तासाभराच्या आत, आणि त्या बाजारात मी खरेदीला गेले तर गादीवाल्यांची गल्ली टाळून वळसा घेऊन जायचे. मुलीच्या लग्नात पुढे कधीतरी लागतील म्हणून घेतलेल्या गाद्यासुद्धा मी खामगावहून आणल्या.

यंदा वेचणी सुरू झाली तेव्हा नववीच्या मुलांना ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं होतं, माही माय पहाटीच वावरात जाते, तिले कोनी थांबवू शकत नाई. मी सगळं नीट केलं. मुलगी वही घेऊन टेबलाशी आली, भांडायला नाही, खरंच विचारायला.

“मॅडम, माही माय असंच बोलते. मंग ते चुकीचं हाय का?”

मी सांगितलं, लिहिताना चुकीचं. तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. मी तिची वही पुन्हा मागून घेतली. पान लाल झालं होतं आणि त्या लाल रेघांच्या खाली एक बाई वावरात चालली होती. त्या संध्याकाळी मी ओळखीतून रफीकचा नंबर मिळवला. फोन केला नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर नांदुऱ्याची बस धरली आणि गादीवाल्यांच्या गल्लीत सरळ शिरले.

दुकान आता त्याचं आहे. पिंजण्याचं मशीन चालू होतं, त्याच्या दाढीत आणि पापण्यांवर तंतू बसले होते. त्याने मला पाहिलं, मशीन बंद केलं, हातानेच बसायला सांगितलं. समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. मी त्याला म्हणाले की पुण्यात माझं चुकलं. बावीस वर्षं तयार केलेलं वाक्य, एवढंसंच निघालं.

तो कपाकडे पाहत म्हणाला, “तू ‘मला’ म्हनली त्याचा मले राग नाई, शोभे. मानूस घाबरते. पन आपन तिघं होतो. तुमी दोघांनी जिन्यात उभं राहून ठरवलं, आन् मले गानं सुरू झाल्यावर समजलं.”

इतकी वर्षं मी एका शब्दाची लाज बाळगून होते आणि खरी लाज वाटायला हवी होती ती त्या जिन्याची. मी ते त्याला सांगितलं. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मग त्याने विचारलं, “गाता येते का अजून?” मी म्हटलं, माहीत नाही. “मंग पाहून घेऊ,” म्हणून त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

गाद्या पोचवायच्या त्याच्या मालवाहू रिक्षात बसून आम्ही दिनकरकडे गेलो. तो दोन वर्षांपूर्वी पुणं सोडून परत आला होता आणि वांगी, मिरची लावत होता, हे मला तेव्हा समजलं. डोक्यावरचे केस गेले होते. आम्हाला दोघांना एकत्र उतरताना पाहून त्याने हातातली वांग्याची टोपली खाली ठेवली आणि तिथेच बांधावर बसला. पुण्याचं त्याने एकच सांगितलं. पंधरा वर्षं कंपनीत तो नीट बोलत आला, इतका नीट की सवय झाली. एकदा आईचा फोन आला आणि तो म्हणाला, मला आत्ता वेळ नाही. तिकडून आईने विचारलं होतं, कोन बोलून राह्यलं? तिला खरंच ओळखू आलं नव्हतं. आई आता नाही.

“मीच पयल्यांदा हो म्हतलं होतं जिन्यात,” तो रफीकला म्हणाला. रफीक म्हणाला, “माईत हाय मले. गिटार हाय का इकली?”

विकली नव्हती. तारा गंजल्या होत्या.

शनिवार-रविवार आम्ही रफीकच्या दुकानामागे बसायला लागलो. वरचे सूर माझे गेलेले आहेत, वर्गात ओरडून ओरडून आवाज खाली बसला आहे, म्हणून आम्ही सगळी गाणी दोन पट्ट्या खाली आणली. तिथे ती जास्त खरी वाटतात. दिनकरची बोटं पहिल्या आठवड्यात फुटली. रफीकचा खांदा धरतो, तो एक गाणं झालं की हात झटकून घेतो. आम्ही तरुण दिसत नव्हतो, तरुण असल्याचा आव आणत नव्हतो, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. पाच गाणी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर सोपं झालं असतं, असं कधी कधी वाटून गेलं होतं, तेही आता वाटेना. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने बराच वेळ पेपर वाचला आणि मग विचारलं, कोणती साडी नेसशील. मी म्हटलं, निळी. “ते पायात येत जाते तुह्या,” तो म्हणाला, “हिरवी नेस.” त्याचा विरोध आणि होकार दोन्ही एवढाच.

बातमी फुटलीच. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची तयारी चालू होती, तिथून आमच्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. फार प्रेमाने बोलला. तुम्हाला दहा मिनिटं देतो, म्हणाला. एक भक्तिगीत घ्या, एक भावगीत घ्या. ड्रम नको, हॉलमध्ये घुमतो. आणि नाव ‘काऊन’ सांगायला बरं दिसत नाही, पाहुणे बाहेरचे आहेत, तर माजी विद्यार्थी वृंद म्हणू. शेवटी अवघडून म्हणाला की आपल्या वयाला शोभेल असं बघा.

एके काळी मी ‘करू’ म्हणून टाकलं असतं. ह्यावेळी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवला आणि आधी रफीकला विचारलं. तो म्हणाला, “ढोल नाई तं मी काय टाया वाजवू तिथी?” मग दिनकरला विचारलं. दिनकर म्हणाला, “नाही म्हन. मीच सांगतो पाह्यजे तं.” मी त्याला म्हटलं, मीच सांगते. आणि सांगितलं. नाही म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं. ते एवढं लहान काम असतं हे कुणीतरी मला चोविसाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

मग वाजवायचं कुठे? रफीक ज्या जिनिंगमधून रुई घेतो तिथल्या मालकाला त्याने विचारलं. हंगामात तिथे गाड्यांची रांग असते, ट्रॅक्टर, पिकअप, एखादी बैलगाडीसुद्धा, माणसं कापसाच्या ढिगावर बसून नंबराची वाट पाहतात. मालक म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतं, तेवढा वेळ वाजवा, भोंगा झाला की बंद करा. शनिवार ठरला.

सोमवारी शाळेत काय झालं ते आधीच सांगून टाकते. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं, ते माझ्याआधी स्टाफरूममध्ये पोचलं होतं. मी आत गेले तेव्हा दोघीतिघी फार लक्ष देऊन वह्या तपासत होत्या. मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते सज्जन आहेत, त्यांना त्रास होत होता. ते म्हणाले, “मॅडम, बाकी कुणी केलं असतं तर चाललं असतं. पण तुम्ही मराठीच्या शिक्षिका.”

मी म्हटलं, “म्हणूनच, सर.”

माझा नववीचा तास होता म्हणून मी गेले. ह्यापुढे काय होईल ते होईल. त्या मुलीला मी आता वहीत दोन्ही लिहायला सांगते, डाव्या पानावर माय बोलते तसं, उजव्या पानावर परीक्षेत चालेल तसं. डावं पान खोडायचं नाही.

तर तो शनिवार. उन्हात थंडी होती आणि थंडीत ऊन होतं, ह्या दिवसांत असतं तसं. गाड्या तोलायच्या काट्याशेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर रफीकने ढोल मांडले, झांजेला आता खरा स्टँड होता. दिनकरने ऑफिसच्या खिडकीतून वायर ओढून अँप्लिफायर लावला. रांगेतल्या माणसांना वाटलं, काहीतरी जाहिरात आहे. मी माईक हातात घेतला आणि पाहिलं तर कुणी भाकर खात होतं, कुणी तंबाखू मळत होतं, एक म्हातारा ट्रॅक्टरच्या सावलीत झोपला होता. एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं की ही तर आमच्या जळगावची मॅडम, आणि ते दोघं हसले.

रफीकने चार ठोके दिले आणि मी सुरू केलं. मले नको सांगू कसं चालू मी. कुणी हसलं नाही. मी थांबून वाट पाहिली की काय, कोण जाणे, पण त्या हसण्याची जागा आली आणि रिकामीच गेली. त्यांना त्यात हसण्यासारखं काही ऐकूच आलं नव्हतं. कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय एवढंच झालं होतं. ‘पायाले’ आलं आणि ‘ले’वर काडी पडली, अशी पडली की झोपलेला म्हातारा उठून बसला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाता आलं नसतं. दिनकर एका जागी चुकला, मोठ्याने “च्या मायले” म्हणाला, ते माईकमधून सगळ्या आवारात गेलं, आणि तेव्हा मात्र सगळे हसले. आम्हीही.

पाचही गाणी झाली. टाळ्या फार वाजल्या नाहीत, लोकांच्या हातात भाकरी होत्या. मी माईक ठेवायला वाकले तेव्हा एका पिकअपवर, कापसाच्या अगदी टोकावर बसलेली बाई म्हणाली, “बाई, अजून एक म्हना.”

मी तिला सांगितलं की झाली, पाचच आहेत. पहिलं पुन्हा म्हणू का?

“ते आयकलं,” ती म्हणाली. “दुसरं म्हना.”

मी तिघांच्या वतीने काही बोलणार होते, थांबले, आणि रफीककडे पाहिलं. त्याने खांदा चोळला. मग एक साधा, संथ ठेका धरला, पूर्वी कधी न वाजवलेला. दिनकरने दोन सूर शोधले आणि त्यांच्यावरच राहिला. मी त्या बाईला विचारलं, “कायचं म्हनू?” तिने आजूबाजूला पाहिलं, पुढची रांग पाहिली, मागची पाहिली.

“हे बसून राह्यलो ना आमी,” ती म्हणाली, “याचं म्हना.”

मी डोळे मिटले आणि जे आलं ते म्हटलं. सकायपासून बसून राह्यलो, ऊन सरकून राह्यलं.

“सकायपासून नाई,” ती वरून म्हणाली. “कालपासून.”

मी सुधारलं. कालपासून बसून राह्यलो. ते ठेक्यात नीट बसलं, पहिल्यापेक्षा नीट. तिच्या शेजारच्या गाडीवरून एक माणूस पुढची ओळ बोलला, मी ती गायले. तिसरी त्या म्हाताऱ्याने दिली, तिच्यात नुसती थंडी आणि बिडी होती, तीही गायले. चौथीला भोंगा झाला. मशीन सुरू झालं, शेडमधून तो भला मोठा घरघराट आला आणि माझा आवाज त्यात बुडाला. पिकअपवरची बाई हातवारे करून सांगत होती, आयकू नाई येऊन राह्यलं. ओट्याच्या कडेला मालक येऊन उभा राहिला.

रफीकने काड्या उलट्या केल्या, जाड टोकं पुढे घेतली, आणि दुप्पट जोराने वाजवायला लागला.